हिरड्या घालवण्याची सोपी रीत (नवशिक्यांसाठी)

साहित्य: एक तोंड आणि पुरेसा आळस. बाकीचे शरीर पुरवते.

आदिलाबाद जिल्ह्यात शिकाऊ माणसाला भाषेची अडचण नाही. बेला गावाकडे दुखतात त्या हिरड्या, शहरात मसूडे, तेलुगू शेजारणीकडे चिगुळ्ळू. रक्त तिघांनाही सारखेच येते.

आधी दात घासणे सोडा. किती दिवस? दंतसंशोधक हाराल्ड लो यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात डेन्मार्कच्या आर्हूसमधल्या १२ निरोगी माणसांना दात घासणेच बंद करायला लावले होते. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. कापूस वेचणीच्या धामधुमीत एवढे दिवस कधी सरले ते कळतही नाही.

दातांवर जंतूंचा चिकट थर साचला की शरीराची प्रतिपिंडे येतील. घाबरू नका. प्रतिपिंड बहुधा जंतूला स्वतः मारत नाही. बोली झालेल्या गाडीला चिठ्ठी लावावी तसे ते जंतूला चिकटते. माल उचलायचे काम पांढऱ्या पेशींचे. पण थराच्या आत दडलेल्या जंतूंपर्यंत चिठ्ठी सहसा पोचत नाही. शिवाय पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस नावाचा एक इसम तिथे असतो. त्याची जिंजिपेन नावाची एन्झाइमे चिठ्ठीच कापून टाकतात. नवशिक्याला याहून चांगला जोडीदार मिळणार नाही.

आता रक्त दिसेल. लगेच ‘उष्णता झाली’ म्हणा, धण्याजिऱ्याचे पाणी प्या आणि दुखते म्हणून त्या बाजूला ब्रश लावूच नका. मघाचा जिंजिव्हालिस जंतू लोह मिळवतो रक्तातल्या हिमोग्लोबिनमधून. तुम्ही त्याला पंगतीला बसवले आहे. रक्ताने घरचे काळजीत पडत असतील तर बिडी ओढा, तेंदूपत्ता आपल्याच जंगलातला आहे. बिडी ओढणाऱ्याच्या हिरडीतून रक्त कमी येते, म्हणून कोणी विचारत नाही, आणि दुखणे आत वाढत राहते. ही युक्ती मला सगळ्यांत पक्की वाटते.

पुढचे काम शरीरच करते. जुनाट सुजलेल्या हिरडीत प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींची दाटी होते, रक्तातही प्रतिपिंडे भरपूर सापडतात, आणि तरी दात हलतात. कारण जबड्याचे हाड जंतू खात नाहीत. या सततच्या दाहात हाड झिजवणाऱ्या आपल्याच पेशींना कामाला लावले जाते. प्रतिपिंडे आहेत म्हणजे आपण सुरक्षित, असे समजणारा शिष्य या विद्येत सर्वांत लवकर पारंगत होतो.

एक सावधगिरी. आर्हूसच्या त्या मंडळींनी पुन्हा दात घासायला सुरुवात केली आणि आठवडा-दहा दिवसांत हिरड्या पूर्ववत झाल्या. झिजलेले हाड असे आपोआप भरून येत नाही. तेव्हा विद्या अर्धवट सोडायचीच असेल, तर रक्त दिसेल त्याच आठवड्यात सोडा.