सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरसाहेबांना अनावृत आभारपत्र

मा. मॅनेजरसाहेब,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, गाडीचं ऑइल बदलून दिल्याबद्दल आपले आभार मानायचे राहून गेले. परभणीहून गंगाखेडला निघालो आणि पोखर्णीच्या अलीकडे ऑइलचा लाल दिवा लागला. गाडी लगेच बाजूला घेतली, पण तोवर इंजिन खडखडून गप्प झालं होतं. वाकून बघितलं तर चेंबरचा ड्रेन नट जागेवर नाही आणि आपलं नवंकोरं ऑइल मागच्या डांबरावर रेघ ओढत आलेलं. गाडी टेम्पोला बांधून परत आणत होतो, तेवढ्यात आपल्याकडच्या ताईंचा फोन आला : "सर, सर्व्हिसला दहापैकी दहा द्याल ना?" दिले.

आपलं निदान मात्र मला फार आवडलं. रस्त्यावरचा दगड लागला म्हणे! साहेब, गंगाखेड रोडचे दगड आम्ही लहानपणापासून ओळखतो, पण हा आयटीआय झालेला असावा. चेंबरला पोचा नाही, ओरखडा नाही, भोकाचे आटे शाबूत. आणि या पठ्ठ्याने चालत्या गाडीखाली शिरून नट तेवढा उलटा फिरवून काढून नेला. वायसरसुद्धा ठेवला नाही. असा कारागीर जिल्ह्यात मोकळा फिरत असेल तर त्याला आपल्याकडे कामावर घ्या. नट कुठल्या बाजूला फिरवायचा, हे निदान त्याला माहीत आहे.

आपलं दुसरं निदान असं, की दिवा लागूनही मी गाडी रेटली. ऑइल किती उरलं ते हा दिवा दाखवत नाही, हे मी आपल्याला सांगायचं का? तो दाब गेल्यावर लागतो. दाब गेला की क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधला तेलाचा पातळ थर जातो, धातूवर धातू घासतो आणि बेअरिंग क्रँकला धरून बसतं. म्हणजे दिवा दिसेपर्यंत आपल्या माणसाने केलेलं काम पुरं होत आलेलं असतं.

जॉबकार्डवर ड्रेन नटापुढे बरोबरची खूण आहे. सही कुणाचीच नाही. इन्शुरन्सकडे जा, असंही आपण सुचवलंत. मोटार पॉलिसीत यांत्रिक बिघाड वगळलेला असतो, हे मला आपल्याच पॉलिसी विकणाऱ्या टेबलावर कळलं.

आता थोडं माझं ऐका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे, पैसे मोजून घेतलेल्या सेवेतल्या त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, मुदत 2 वर्षांची. तपासणीशिवाय दोष ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेतही पाठवतो. आपण तो दगड तेवढा शोधून ठेवा.

इंजिन सध्या आपल्याच शेडमध्ये पडून आहे. ते माझ्यासमोर, व्हिडिओ चालू ठेवून खोला. निघालेली बेअरिंगं भंगारात टाकू नका, माझ्या ताब्यात द्या. आणि दगडाची हकिगत लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी लिहून द्या. तक्रारीला जोडायचा तेवढाच एक कागद राहिला आहे.

आपला,
सध्या एसटीने फिरणारा ग्राहक