जुळवलेलं नाटक

नोकरीभर दुसऱ्यांच्या हिशेबातला फरक शोधला, म्हणून निवृत्तीनंतर आमच्या हौशी नाट्यमंडळाने संहिता तपासायला माझ्याकडे दिली. नाटक आयरिश, ब्रायन फ्रीलचं ‘फेथ हीलर’. तीन पात्रं, चार स्वगतं, आणि कुणी कुणाशी बोलत नाही. (नेपथ्याचा खर्च नाही, हे निवडीचं खरं कारण.)

पहिल्याच वाचनात मला अफरातफरीचा वास आला. हात ठेवून रोग बरे करणारा फ्रँक ग्रेसला बायको म्हणायलाच तयार नाही, ती यॉर्कशरची म्हणून सांगतो. ती बाई अल्स्टरची, आणि स्वतःला बायकोच म्हणवते. स्कॉटलंडच्या पार उत्तरेला किनलोकबर्व्ही नावाचं गाव. फ्रँक म्हणतो, तिथे आईला हृदयविकाराचा झटका आल्याची बातमी कळली. ग्रेस म्हणते, तिथे माझं मूल मृत जन्मलं, फ्रँकने पुरलं. मॅनेजर टेडी म्हणतो, फ्रँक टेकडीकडे चालता झाला, सगळं मी निस्तरलं.

एक व्यवहार, तीन नोंदी! रात्र जागून मी ताळा जमवला. मुलाची गोष्ट फ्रँकच्याच तोंडी घातली. वेल्स आणि स्कॉटलंडमधल्या गावांची नावं तो मंत्रासारखी पुटपुटतो. नटांची जीभ अडखळेल म्हणून ती सगळी उडवली. किनलोकबर्व्हीचं झालं ‘एक गाव’.

तालमीत फ्रँकने सुरुवातीलाच सगळं ओकून टाकलं. ग्रेसने ते पुन्हा सांगितलं. टेडी झालेला माझा मित्र उठला आणि म्हणाला, “मी आता येऊन चहा विचारू का?”

दिग्दर्शिका माझ्या मुलीच्या वयाची. म्हणाली, “काका, हे तिघं एकाच गावाशी पुन्हा पुन्हा येतात आणि तिथली आपापली गोष्ट लपवतात. तेवढ्यावर हे नाटक उभं होतं. तुम्ही गावही काढलंत आणि लपवलेलंही.”

“पण मग खरं काय घडलं ते प्रेक्षकाला कळणार कसं?”

“नाहीच कळत.”

माझ्यातल्या हिशेबनिसाला हे अजून पचलेलं नाही. अनुवादकाने मात्र माझा ताळेबंद पाहून नाटकच परत मागितलं.

ब्रॉडवेवर १९७९ साली जेम्स मेसनसारखा नट असूनही ‘फेथ हीलर’चे २० प्रयोग झाले. आमचा एकही नाही.