बोर्ड तोच राहणार

डोंबिवलीचे भाऊ कधी नवीन कॉम्प्युटर घेत नाहीत. 2017 साली आणलेला बी-350 मदरबोर्ड त्यांनी जुन्या स्कूटरसारखा राखला आहे. रॅम वाढली, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी आली, कुरकुरणाऱ्या पंख्याला शिलाई मशीनचं तेल मिळालं, बोर्ड तोच. लोकांना घराण्याचा अभिमान असतो, भाऊंना सॉकेटचा. ‘एएम-4’ हे ते कुलदैवताच्या थाटात उच्चारतात. त्यात तथ्यही आहे म्हणा. पहिल्या रायझनपासून रायझन 5000 पर्यंत एएमडीने एकाच सॉकेटवर संसार केला, आणि 2022 साली तर भाऊंच्या बोर्डासारख्या म्हाताऱ्यांनाही नव्या बायोसने 5000 मालिकेत प्रवेश दिला. त्या दिवशी भाऊंनी घरात पेढे वाटले. का, ते कुणाला कळलं नाही.

दुखणं बोर्डावरच्या रायझन 5 1600 प्रोसेसरचं होतं. नव्या गेममध्ये गर्दीचा चौक आला की चित्र अडखळायचं, आणि ग्राफिक्स कार्ड निम्म्या ताकदीवर निवांत. “प्रोसेसर आचारी, कार्ड वाढपी,” भाऊ पाहुण्यांना समजावत. “आचाऱ्याचीच पोळी तव्यावर असेल, तर वाढपी पंगतीत काय वाढणार?” पाहुणे चहा संपवून उठत.

मन 5800एक्स3डीवर होतं. चिपवर आणखी कॅश रचून एल3 थेट 96 एमबीवर नेलेला, गेमसाठीच जन्मलेला प्रोसेसर. खिसा मात्र 5600 वर: सहा कोर, 32 एमबी, 65 वॅट. जुना 1600 सुद्धा 65 वॅटचाच, म्हणजे जुना कूलर चालणार. कूलरचे पैसे वाचले, हे भाऊंनी सौभाग्यवतींना तीनदा सांगितलं. चौथ्यांदा विंडोज 10 पुढे केलं: 14 ऑक्टोबर 2025 ला त्याची मोफत देखभाल थांबली आणि 11 च्या अधिकृत यादीत 1600 नाही. “सुरक्षेचा प्रश्न आहे,” ते म्हणाले. बँकेची कामं सौभाग्यवती मोबाइलवर करतात, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

लॅमिंग्टन रोडच्या तीन फेऱ्या झाल्या. पहिली भाव विचारायला, दुसरी तोच भाव पुन्हा विचारायला. तिसऱ्या फेरीत दुकानदाराने दीडशे रुपये सोडले, ते बहुधा भाऊंनी जावं म्हणून. तिन्ही वेळचं लोकलचं भाडं आणि वडापाव भाऊंच्या हिशेबात बसत नाहीत.

रविवारी सकाळी घरात संचारबंदी. पेनड्राइव्हवरून नवा बायोस चढत होता, आणि मध्येच लाइट गेली तर बोर्डाचा पाट होतो.

“अहो, मिक्सर लावू का?”

“पाच मिनिटं थांब!”

गीझर बंद, इस्त्री बंद. चिरंजीव थंड पाण्याने अंघोळ करून गेले.

बायोस चढला. मग जुना कूलर काढायचा. थंडीत थर्मल पेस्ट गोठल्यासारखी घट्ट धरते आणि कूलर ओढला की प्रोसेसर सॉकेटमधून त्याच्यासकट उपसून येतो, म्हणून आधी अर्धा तास गेम खेळून पेस्ट गरम करायची, हे भाऊंना पाठ होतं. वर्षभरात त्यांनी गेम खेळला तो एवढाच. पण मशीन बंद करून वीस स्क्रू सुबक ओळीत मांडण्यात पेस्ट पुन्हा निवली. कूलर आला, त्याच्या बुडाशी 1600 दाताच्या डॉक्टरने दाढ उपटावी तसा लटकत आला, आणि 1331 पिनांपैकी तीन वाकल्या.

भाऊ घाबरले नाहीत. चिरंजीवांच्या कंपासपेटीतली 0.5 ची क्लचपेन्सिल घेतली, शिसं काढलं, पोकळ टोकात एकेक पिन धरून सरळ केली. त्या वीस मिनिटांत घरात कुणी खोकलंही नाही. जी वस्तू कपाटात टाकायची, तिच्यावर ही शस्त्रक्रिया का, असं सौभाग्यवतींनी विचारलं.

नवा 5600 अलगद बसला, गर्दीच्या चौकातून गाडी सुळकन निघाली. भाऊंनी ती दोन मिनिटं पाहिली. मग जुना प्रोसेसर कापसात गुंडाळला आणि नाशिकच्या भाच्याला फोन लावला.

“बोर्ड कुठला आहे रे तुझा? हां, मग बसेल. बाराशेला जातो बाजारात. तू घरचा म्हणून हजार दे.”