चिमूटभर बंदोबस्त

मध्य जावातल्या कितीतरी खेड्यांत दाराशेजारच्या भिंतीवर, खिळ्याला, एक डबी टांगलेली असते. दुधाचा रिकामा डबा, कापलेलं बांबूचं पेर, नाहीतर प्लास्टिकचा पेला. रात्री निजण्याआधी घरातलं कुणीतरी त्यात चिमूटभर तांदूळ टाकतं. हे देवाला नाही आणि चिमण्यांनाही नाही. हा गावच्या संरक्षणाचा खर्च आहे. अपरात्री गस्तीची मंडळी घरोघर हिंडतात, बॅटरीच्या उजेडात डबी पिशवीत उपडी करतात आणि पुढच्या दाराला जातात. या वर्गणीला ‘जिम्पितान’ म्हणतात. जमलेला तांदूळ विकायचा आणि त्या पैशांतून गल्लीतला दिवा बदलायचा, आजाऱ्याला हातभार लावायचा, 17 ऑगस्टला इंडोनेशियाच्या स्वातंत्र्यदिनी पोरांच्या शर्यतींना बक्षिसं आणायची. हल्ली पुष्कळ ठिकाणी तांदळाऐवजी पाचशे रुपियाचं नाणं टाकतात. ऐकायला भारी वाटतं, पण आपल्या हिशेबाने ते तीनेक रुपये होतात.

इतक्या स्वस्तात कुठल्या संरक्षण खात्याचं भागलं असेल असं वाटत नाही. मला मात्र तांदळापेक्षा डबीचंच जास्त कौतुक. डबी रिकामी निघाली की गस्तवाल्यांच्या लक्षात येतं, या घरात आज काहीतरी बिनसलंय. म्हातारी आजारी असेल, नवराबायकोत वाजलं असेल. शिवाय डबी रिकामी करायची तर प्रत्येक दारापर्यंत पाय ओढत जावंच लागतं. ही पद्धत ज्या कुणी काढली त्याला माणसाचा आळस नेमका ठाऊक होता. नुसतं ‘गस्त घाला’ म्हटलं असतं तर मंडळींनी चौकीत बसल्या बसल्या चारी दिशांना बॅटरी फिरवली असती आणि गाव सुरक्षित असल्याचं जाहीर केलं असतं.

चौकी म्हणजे ‘पोस रोंदा’. चार खांब, वर कौलं किंवा पत्रा, खाली बसायला फळ्या. घरटी एका पुरुषाची आठवड्यातून एक रात्र पाळी. चुकवली तर दंड. लुंगी खांद्यावर ओढून मंडळी जमतात, गाळासकट प्यायची कॉफी येते, उकडलेल्या शेंगा येतात आणि डोमिनोच्या सोंगट्यांचा फाड् फाड् आवाज सुरू होतो. हा आवाज अर्ध्या गावाला ऐकू जातो, चोरालाही जात असणार. त्यातून कुठल्या रात्री कुणाची पाळी, याचा तक्ता चौकीतच सगळ्यांना दिसेल असा लावलेला. सोमवारी झोपाळू मंडळी आहेत आणि गुरुवारी तरणीबांड, हे ज्याला वाचता येतं त्याला कळतं. यावर तिथला माणूस म्हणेल की चोर बाहेरचा असेल तर त्याला नावांचा उपयोग नाही, आणि गावातला असेल तर एक दिवस त्याचीही पाळी येतेच.

चौकीत ‘केंतोंगान’ टांगलेलं असतं. बांबूचं किंवा लाकडाचं पोकळ खोड, त्याला उभी चीर, शेजारी टिपरू. त्याचे ठोके ही गावची तार. संकेत गावागणिक थोडे बदलतात, पण बऱ्याच चौक्यांत रंगवलेली पाटी साधारण अशी असते: सुटा एकेक ठोका म्हणजे खून, दोन-दोन म्हणजे चोर, तीन-तीन म्हणजे आग, चार-चार म्हणजे पूर किंवा तसलंच अस्मानी संकट आणि पाच-पाच म्हणजे जनावरांची चोरी. वाचता वाचता पाचव्याशी माणूस अडखळतो. चोरीला एक संकेत असताना जनावरांच्या चोरीला दुसरा कशाला? पण शेतकऱ्याला ही शंका येणार नाही. घरात चोर शिरला तर नेऊन नेऊन काय नेईल? टीव्ही, सायकल, गॅसची टाकी. गाय गेली तर पोराचं शिक्षण, पोरीचं लग्न आणि दवाखान्याची तरतूद एकाच दोरीने बांधून नेली.

हे सरकारला उमगायला ज्वालामुखीची मदत लागली. 2010 साली मेरापी पर्वत धगधगू लागला तेव्हा उतारावरच्या लोकांना खाली छावण्यांत आणलं. माणसं आली, आणि सकाळ झाली की गुरांना चारापाणी करायला पुन्हा वर जाऊ लागली. वर राख, खाली भात आणि मधे मोटारसायकलवर गवताचा भारा. शेवटी सरकारने गुरं विकत घेण्याची तयारी दाखवली. 2020 च्या नोव्हेंबरात मेरापी पुन्हा कुरकुरला तेव्हा मात्र शहाणपण आलेलं होतं. धोक्याच्या वाड्यांतल्या गाई-म्हशी खालच्या सामाईक गोठ्यांत हलवण्याची सोय झाली. गाय सुरक्षित असली की मालकाला समजावावं लागत नाही.

अदृश्य चोरांचं खातं वेगळं. ‘तुयुल’ हे टकल्या पोराच्या रूपातलं भूत. ते पाळणाऱ्यासाठी शेजाऱ्यांच्या पेटीतल्या नोटा चोरून आणतं, असं म्हणतात. उपाय म्हणून घरात खेकडे ठेवायचे. तुयुल शेवटी पोरच. ते खेकड्यांशी खेळत बसतं आणि चोरी विसरतं. ‘बाबी न्गेपेत’ची तऱ्हा आणखी नामी. माणूस रानडुक्कर होऊन लोकांच्या भिंतींना अंग घासत फिरतो, घासल्या घरातला पैसा त्याच्याकडे जातो, आणि तोवर त्याची बायको घरी परातीतल्या पाण्यावर तेवणाऱ्या मेणबत्तीकडे डोळे लावून बसते. ज्योत थरथरली की नवरा संकटात. लगेच फुंकर मारायची. चोरीच्या धंद्यातसुद्धा रात्रपाळी बायकोच्या वाट्याला आलीच!

क्लिफर्ड गिर्ट्झ या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात पूर्व जावातल्या एका छोट्या गावी राहून हे तुयुल-पुराण टिपलं आणि 1960 च्या ‘द रिलिजन ऑफ जावा’त छापलं. त्यात एक मासलेवाईक तपशील आहे. ज्यांच्यावर तुयुल पाळल्याचा संशय, ती माणसं श्रीमंती लपवायला जुनेर नेसतात आणि गरिबांसारखं मका-कसावा खातात, असं गावकरी सांगत. म्हणजे झगमग केली तर पैसा आला कुठून, आणि साधं राहिलं तर लपवतोय काय! अशा गावात श्रीमंताला एकच सुरक्षित मार्ग उरतो, तो म्हणजे वाटून टाकणं. तुयुल कुणी शोधून काढलं मला माहीत नाही, पण तो नक्कीच गरीब असणार.

दिसणाऱ्या मालमत्तेचा कागदही काही कमी मायावी नाही. कैक पिढ्या जमीन कसणाऱ्याकडे पुरावा कोणता, तर ग्रामकार्यालयातल्या ‘लेटर सी’ नावाच्या जुनाट वहीतली एक नोंद, किंवा ‘गिरिक’ हा शेतसाऱ्याचा कागद. दोन्ही वसाहतकाळातल्या करवसुलीची पिलं. सारा कोण भरतं ते सांगतात, जमीन कुणाची ते छातीठोकपणे सांगत नाहीत. आपला सातबारा ज्याने डोळे बारीक करून वाचलाय त्याला हे समजावून सांगायला नको. राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो भाषणांत हिशेब मांडायचे: साडेबारा कोटींवर तुकडे, त्यातल्या आठेक कोटींना मालकीचं प्रमाणपत्र नाही, आणि वर्षाला पाच लाख या जुन्या वेगाने सगळ्यांना द्यायचं तर 160 वर्षं. मग 2017 पासून लाखांनी प्रमाणपत्रं वाटायचा धडाका लागला. समारंभात ते लोकांना प्रमाणपत्र डोक्यावर उंच धरायला लावत, स्वतः मोजल्यासारखं करत आणि माशांची नावं सांगणाऱ्याला किंवा ‘पंचशील’ ही देशाची पाच तत्त्वं म्हणून दाखवणाऱ्याला सायकल बक्षीस देत. तीन पिढ्यांची जमीन कागदावर आली त्याच दिवशी पाच माशांच्या नावांवर सायकलही मिळाली, तर माणसाचा सरकारवर विश्वास बसणारच.

कायद्याची गोष्ट इतकी हसरी नाही. 2009 साली बान्युमास जिल्ह्यात एका गरीब वयस्क बाईला मळ्यातली कोकोची तीन बोंडं तोडल्याबद्दल कोर्टात उभं केलं. दीड महिन्याची शिक्षा झाली, तीही प्रत्यक्ष भोगायची नव्हती. निकाल वाचताना न्यायाधीशांचाच गळा दाटला. किरकोळ चोरीची मर्यादा 1960 साली 250 रुपिया ठरली होती आणि नंतर तिच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. रुपिया घसरत गेला, मर्यादा जागच्या जागी, त्यामुळे देशात किरकोळ चोरी नावाचा प्रकारच उरला नाही. अडीचशेत केळ्याचं भजंसुद्धा येत नव्हतं. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा एकदम दहा हजार पटींनी वाढवून 25 लाख रुपिया केली.

गावात मात्र कोर्टापेक्षा शेजाऱ्याची नजर आधी पोचते. ‘पाहुणा चोवीस तास राहिल्यास कळवावे’ अशी पाटी वाडीच्या तोंडाशी असते. कळवायचं ‘पाक आर.टी.’ना, म्हणजे काही डझन घरांच्या शेजारमंडळाच्या प्रमुखाला. शेजारमंडळाची ही घडी महायुद्धात देश बळकावलेल्या जपान्यांनी 1944 मध्ये बसवली, ती लोकांना जपण्यासाठी नव्हे, त्यांच्यावर नजर ठेवण्यासाठी. 1980 च्या सुमारास राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंच्या राजवटीने गस्तीलाही सरकारी चौकट दिली, उद्देश पुष्कळसा तोच. राज्यकर्ते गेले आणि कॉफी, डोमिनो, डब्या मागे राहिल्या. मला स्वतःला अशा गावात राहणं जड जाईल. माझ्याकडे मामा मुक्कामाला आले तर ते कधी जाणार हे चौकीला माझ्याआधी कळेल. आणि या जागरूकतेला एक भेसूर बाजूही आहे: दोन-दोन ठोके पडले की धावून आलेला जमाव पुष्कळदा पोलिसांची वाट पाहत नाही. कोंबडीचोर जिवानिशी गेल्याच्या बातम्या तिथे येतात. तेव्हा चिमूटभर तांदळाचं कौतुक घशात अडकतं.

2020 साली गावांपुढे असा शत्रू आला की ज्याच्यासाठी केंतोंगानला ठोकाच नव्हता. करोना. सुकोहार्जो जिल्ह्यातल्या केपुह गावात लोक संध्याकाळी घरात थांबेनात, तेव्हा पोरांनी पोलिसांच्या संमतीने युक्ती काढली. पांढरं कफन गुंडाळायचं, तोंडाला पावडर फासायची आणि ‘पोचोंग’ होऊन, म्हणजे कफनाची गाठ न सुटलेलं मढं होऊन, रस्त्याकडेला बसायचं. पहिला परिणाम उलटाच झाला. पोचोंग पाहायला लोक पोराबाळांसकट घराबाहेर पडले. मग भुतांनी ठरल्या वेळी येणं सोडलं, अवचित दिसू लागली, आणि गाव खरोखरच दारं लावून बसू लागलं. या कामाला माणसं कमी पडली नाहीत. गस्तीला दांडी मारणाऱ्याकडून दंड वसूल करावा लागतो. भूत व्हायला मात्र पोरं आपण होऊन पुढे आली.