हजेरी लावा, टाळ्या वाजवा

गेल्या महिन्यात आंतरमहाविद्यालयीन कबड्डीची फायनल बघायला गेलो. भाचा खेळतो म्हणून. नाहीतर मंगळवारी सकाळी अकरा वाजता कबड्डी बघायला जाण्याइतका रिकामटेकडा मीही नाही.

प्रेक्षक मोजता येत होते, म्हणून मोजले. राखीव खेळाडू सोडून सतरा. त्यातले चौघे मांडववाल्याकडचे, खुर्च्या परत न्यायला थांबलेले. एक कुत्रं निदान रेषेच्या टोकाला फक्की हुंगत बसलं होतं, त्याला मी धरलेलं नाही. व्यासपीठावर मात्र एकोणीस जण होते. गॅलरीपेक्षा स्टेज भरलेलं असणं हा आपल्या कॉलेजच्या खेळांचा कायमचा विक्रम आहे आणि तो कुणी मोडायलाही जात नाही.

उत्तरार्धात गुणफलक 24-23. चार मिनिटं बाकी. भाच्याची तिसरी चढाई, म्हणजे गुण आणा नाहीतर बाहेर बसा. तो मध्यरेषा ओलांडून आत शिरला, उजव्या कोपऱ्यातल्याने साखळी धरली, आणि शिट्टी वाजली. मला वाटलं फाउल झाला. फाउल नाही, प्रमुख पाहुणे निघाले होते! त्यांना दुसरीकडे नारळ फोडायचा होता. मग चौदाही खेळाडू रांगेत उभे राहिले, पाहुण्यांनी प्रत्येकाच्या घामट हाताला बोटांची टोकं लावली, फोटो झाला. फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा झाला. मग बारा मिनिटं भाषण. खेळात हार-जीत महत्त्वाची नसते, हा मुद्दा त्यांनी तीनदा मांडला, तोही एका गुणाचा फरक असताना. पाहुणे गेले तेव्हा सतरापैकी नऊ जण त्यांच्याबरोबर गेले. ते त्यांचेच होते.

उरलेल्या आठ जणांसमोर प्राचार्यांनी खंत व्यक्त केली : ‘आजच्या विद्यार्थ्यांनी मैदानाकडे पाठ फिरवली आहे.’

पाठ? समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर प्रत्येक खिडकीत तोंडं होती. अख्खा वर्ग मान वाकडी करून खाली बघत होता. एका पोराला नंतर विचारलं, खाली का नाही आलास रे? म्हणाला, ‘काका, अटेंडन्स कट होते. पंच्याहत्तर टक्के भरले नाहीत तर फॉर्म अडकवतात.’

याच दुखण्यावर अमेरिकेत नेमका उलटा काढा पाजलाय. अलाबामा विद्यापीठ, गाव टस्कलूसा, लाखभर माणसं मावतील असं स्टेडियम. त्यांचा खेळ फुटबॉल, म्हणजे चेंडूला पाय क्वचित लावायचा तो. निक सेबन प्रशिक्षक होते तेव्हा हा संघ इतका जिंकायचा की पोरांना जिंकण्याचाच कंटाळा आला. मध्यंतरापर्यंत निकाल लागलेला. मग उन्हात कशाला भाजायचं म्हणून मंडळी पसार. 2018 साली सेबनसाहेब यावर जाहीरपणे चिडले. 2019 साली विद्यापीठाने ॲप काढलं. सामन्याला आलात तर 100 गुण, चौथ्या क्वार्टरपर्यंत बसून राहिलात तर 250. तुमचा फोन स्टेडियमात आहे की बाहेर, हे ॲप बघणार. गुण साठले की मोठ्या सामन्यांची तिकिटं आधी तुम्हाला.

म्हणजे तिथे सामना अर्ध्यावर सोडला तर गुण बुडतात आणि इथे सामना बघितला तर हजेरी. दोन्हीकडे शेवटी मस्टर आलंच. आपल्या एखाद्या संस्थेला ही कल्पना कळली तर काय होईल ते मी आत्ताच सांगतो. परिपत्रक निघेल : ‘प्रत्येक वर्गातून वीस विद्यार्थी टाळ्या वाजवण्यासाठी पाठवावेत. गैरहजर राहिल्यास पालकांना बोलावण्यात येईल.’

अलाबामाची गंमत अशी की तिथे कमी कशाचीच नव्हती. संघ अजिंक्य, पैसा ओतलेला. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर म्हणजे सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल किंवा बास्केटबॉल कोच; राज्यपालाने हेवा करावा असा पगार. आणि तरी पोरांना जागेवर बसवायला फोनचा पत्ता काढावा लागला.

आता नेब्रास्का बघा. 30 ऑगस्ट 2023. लिंकन या गावी फुटबॉलच्या अजस्र मैदानाच्या मधोमध व्हॉलीबॉलचं कोर्ट मांडलं. सामना मुलींचा. नेब्रास्का विरुद्ध त्याच राज्यातलं ओमाहा, म्हणजे निकालाची धाकधूक जवळजवळ नाहीच, 3-0 झाला. प्रेक्षक 92,003. अख्ख्या राज्याची लोकसंख्या 20 लाखांच्या आसपास. बावीस माणसांमागे एक माणूस व्हॉलीबॉलला! या हिशेबाने महाराष्ट्र लोटला तर पन्नास लाखांच्या वर माणूस होईल. आषाढीला पंढरपूरची काय अवस्था होते ते आठवून मग पुढे वाचा.

याच मैदानावरच्या फुटबॉल सामन्यांची तिकिटं 1962 पासून संपत आलीत. तिथले लोक काही आपल्यापेक्षा जास्त खेळवेडे नाहीत. तिकडच्या एकाही मोठ्या व्यावसायिक लीगचा संघ त्या राज्यात नाही. अलाबामातही नाही. मक्याच्या शेतात आयुष्य गेलेल्या माणसाला ‘आपला संघ’ म्हणायला विद्यापीठाशिवाय दुसरं काही नाही. तो स्वतः कॉलेजात गेला असो वा नसो. थोडक्यात, तिथलं कॉलेज म्हणजे गावातलं मंडळ. शनिवारी सकाळपासून पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडून शेगड्या पेटवणारी, लाल टी-शर्ट घालून आजोबांपासून नातवापर्यंत येणारी माणसं ‘गेम-डे एक्स्पीरियन्स’ घ्यायला येत नाहीत, जत्रेला येतात.

हे ‘एक्स्पीरियन्स’ प्रकरण सल्लागारांचं. ते येतात, वायफाय वाढवा म्हणतात, स्क्रीन मोठी करा म्हणतात, स्वच्छतागृहं वाढवा म्हणतात. शेवटच्याला माझा मनापासून पाठिंबा आहे. आमच्या त्या फायनलला मुलींच्या संघाला कपडे बदलायला केमिस्ट्रीची लॅब उघडून दिली होती, त्या कॉलेजने वायफाय देऊन काय करायचं?

पण ज्या गोष्टीने अमेरिकेतलं सगळ्यात देखणं दृश्य तयार झालं, तिला एक डॉलर लागला नाही. आयोवा विद्यापीठाच्या स्टेडियमला लागूनच लहान मुलांचं हॉस्पिटल आहे. वरच्या मजल्यावरच्या काचेतून मैदान दिसतं. 2017 साली एका सामान्य चाहतीने सुचवलं, आजारी पोरं आपल्याकडे बघतात तर आपणही त्यांच्याकडे बघू या. तेव्हापासून पहिला क्वार्टर संपला की सत्तर हजारांच्या घरातली माणसं वळतात आणि त्या खिडक्यांकडे बघून हात हलवतात. पाहुण्या संघाचे खेळाडूसुद्धा. बस, एवढंच. आपल्याकडे याचा फ्लेक्स लागला असता : ‘भव्य हस्तचालन सोहळा. संकल्पना, आयोजन, सौजन्य’ आणि तीन फोटो. त्यात पोरं नसतीच.

‘आपल्याकडे कॉलेजचा म्हणून अभिमानच नाही हो,’ हे वाक्य शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर मिळतं. अभिमान नाही? पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात जाऊन या एकदा पुरुषोत्तमच्या दिवसांत. 1963 पासून महाराष्ट्रीय कलोपासक ही एकांकिका स्पर्धा घेतंय. पडदा उघडायच्या आधी पोरं घसा फुटेस्तोवर ओरडतात, ‘अरे आव्वाज कुणाचा!’ आणि पुढे कॉलेजचं नाव. समोरच्या कॉलेजवाल्यांनी त्याला दिलेलं उत्तर छापण्यासारखं नसतं. 2022 साली परीक्षकांनी एकाही संघाला करंडक न देण्याचा निर्णय घेतला, तर पुण्यात वादाला नुसतं उधाण आलं. विद्यापीठाच्या कबड्डीचा चषक उद्या कुणालाच दिला नाही तर किती जणांना कळेल? भाच्याला कळेल. आणि मांडववाल्याला, कारण बिल निघायचंय.

पुरुषोत्तमला ओरडणाऱ्या पोरांना कुणी वर्गातून हाकलून आणलेलं नसतं. कुणी रात्ररात्र जागून सेट रंगवलेला असतो, कुणी लाइट धरलेले असतात, कुणी नुसताच तालमीला वडापाव आणून दिलेला असतो. ते बघायला आलेले नसतात, त्यांचं काहीतरी स्टेजवर असतं. जिमखान्यात मात्र संघात बारा जण, आणि तेरावा जो असतो त्याला ‘तुझं इथे काय काम?’ असं विचारलं जातं. ढोल आणला तर परवानगी कुणाची. घोषणा दिल्या तर बेशिस्त. मग येतात सतरा. आणि पुढे नॅकच्या फाइलला लावायला गर्दीचा फोटो हवा म्हणून एनसीसीची पोरं आणून बसवतात.

हिशेब न जुळणारी एकच गोष्ट राहिली. कबड्डीला लोक येत नाहीत म्हणावं, तर गावोगाव मंडळांच्या रात्रीच्या स्पर्धांना लाकडी गॅलऱ्या वाकतात. फुटबॉलला येत नाहीत म्हणावं, तर कोल्हापुरात पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ समोरासमोर आले की शाहू स्टेडियमच्या आसपास गाडी लावून दाखवा. पोरं तीच. पायही तेच. छातीवर पेठेचं नाव असलं की हजारो, कॉलेजचं असलं की सतरा.

तर ती फायनल. पाहुणे गेल्यावर खेळ पुन्हा सुरू झाला. चढाई पुन्हा घ्यायची ठरली, पण भाच्याचं अंग थंड पडलं होतं. उजव्या कोपऱ्यातल्याने घोटा धरला, बाकीचे वर पडले. हरले दोन गुणांनी. शिपाईमामा फ्लेक्स गुंडाळत होते. त्यावर नऊ फोटो होते आणि कबड्डी खेळणारा एकही नव्हता; कोपऱ्यात इंटरनेटवरून उचललेलं एक चित्र होतं, त्यातला गडी बहुधा खो-खोचा होता.

भाचा गुडघ्याला बर्फ लावून बाइकवर बसला.

‘निघालास कुठे?’

‘मंडळाची मॅच आहे मामा, रात्री. सेमीफायनल.’

‘या गुडघ्याने?’

‘नाही गेलो तर गल्लीत तोंड दाखवायला जागा नाही.’ त्याने किक मारली. ‘तुम्ही पण या ना. पण आठच्या आत या, नंतर उभं राहायलासुद्धा मिळत नाही.’