पाच मिनिटांचं काम

खिडकीच्या गजाला सुतळीने बांधलेला मोबाईल दिसला की समजायचं, या घरात पुण्याहून सॉफ्टवेअर इंजिनिअर आलेला आहे. शहादा तालुक्यातल्या आमच्या लोणखेड्यात रेंज नाही अशातला भाग नाही. पण घरात टेबल जिथे असतं तिथे ती येत नाही, आणि जिथे येते तिथे आजीची खाट असते. मग आजीची खाट ओसरीवर जाते आणि खाटेच्या जागी लॅपटॉप, इन्व्हर्टरची वायर, चहाचा कप आणि वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्मुडा अशा वेषातला आमचा भय्या स्थानापन्न होतो. घरात त्याला भय्या म्हणतात म्हणून गल्लीही भय्याच म्हणते. तुमच्या गल्लीत त्याला पिंट्या, सोनू किंवा बाळू म्हणत असतील. प्राणी तोच.

१९८३ साली वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली आणि महाराष्ट्रात इंजिनिअरांचं पीक सुरू झालं. आमच्या भागात पी. के. अण्णांनी साने गुरुजींच्या नावाने उभ्या केलेल्या शिक्षण मंडळामुळे डिग्री अगदी घराजवळ आली. त्यामुळे भय्याने घर सोडलं ते थेट हिंजवडीसाठी. वाकडला खान्देशातली चार पोरं एका फ्लॅटमध्ये, आणि दर खेपेला ट्रॅव्हल्सच्या डिकीत कळण्याचं पीठ, बिबड्या आणि नंदुरबारची मिरची.

पहिल्या सुट्टीला तो आला तेव्हा ओट्यावर एकच प्रश्न होता, ‘पगार कितला शे?’ भय्याने पॅकेजचा आकडा सांगितला. आप्पांनी, म्हणजे त्याच्या काकांनी, मनातल्या मनात त्याला बाराने भागलं आणि मान डोलावली. मग भय्याला सांगावं लागलं की भागायचं तसं नसतं. त्यात पीएफ आहे, ग्रॅच्युइटी आहे, विमा आहे, मिळाला तर मिळणारा बोनस आहे. आप्पा शांतपणे म्हणाले, ‘म्हणजे भेटस कितला?’ खरा आकडा ऐकल्यावर ओट्यावर जी शांतता पसरली, ती मोडायला भय्याच्या आईला चहा आणावा लागला.

भय्याचं त्या काळातलं आवडतं वाक्य होतं, ‘पाच मिनिटांचं काम आहे.’ प्रिंटर चालत नाही? पाच मिनिटांचं काम. सातबारा डाउनलोड करायचाय? पाच मिनिटांचं काम. त्या पाच मिनिटांत आईच्या दोनदा हाका यायच्या, वरणाला साय धरायची, बट्टी गार व्हायची आणि आतून आवाज यायचा, ‘झालंच!’ दुसरं वाक्य होतं, ‘माझ्या मशीनवर तर चालतंय.’ हे वाक्य जगातल्या प्रत्येक नव्या डेव्हलपरच्या तोंडी असतं. लोणखेड्याची त्यातली भर एवढीच की इकडे ते आईलाही ऐकवलं जातं.

कंपनीने त्याला आधी दोन महिने नुसतं बसवून ठेवलं. मग कुणीतरी कधीकाळी लिहून सोडून गेलेला कोड हातात दिला आणि सांगितलं, एका बटणाचा रंग बदल. कोड पाहून भय्याला शिसारी आली. सगळं नव्याने लिहिलं पाहिजे, असं त्याचं ठाम मत झालं. नोकरीत मुरलेल्या माणसाचं ते कधीच होत नाही. बटणाचा रंग बदलता बदलता त्याला एक ओळ दिसली. तिच्यावर टीप होती: ‘ही काढू नये.’ का, ते लिहिलेलं नव्हतं. भय्याने काढली. चाचणीत सगळं बरोबर आलं. शुक्रवार संध्याकाळ होती. बदल वर चढवला आणि भय्या गावाकडे यायला ट्रॅव्हल्समध्ये बसला.

ग्राहकाकडून येणाऱ्या फायलीत प्रत्येक खातेक्रमांकाच्या शेवटी एक रिकामी जागा असायची. ती डोळ्यांना दिसत नाही, संगणकाला दिसते. ती कापण्याचं काम ती ओळ करत होती. ओळ गेली, आणि रात्री एकही खातं जुळेना. फोन आला तेव्हा गाडी चांदवडच्या पुढे राहुड घाटात. ‘हॅलो... हॅलो...’ आणि रेंज गेली. मालेगावला फोन लागला तेव्हा पलीकडून कंपनीतल्या मॅडमनी एवढंच विचारलं, ‘लॉग वाचलास का?’ भय्याने वाचला नव्हता. मांडीवर लॅपटॉप, शेजारच्या सीटवर घोरणारा प्रवासी, आणि धुळ्यापासून सारंगखेड्याच्या पुलापर्यंत तो लॉग वाचत आला. तापी ओलांडताना ओळ जागेवर परत गेली. त्या टिपेखाली त्याने ‘का’ तेही चार ओळींत लिहिलं. त्याच्या आयुष्यातलं हे पहिलं लेखन, ज्याला आम्ही सगळे मनापासून दाद देतो.

पण खरं शिक्षण घरच्याच पपईने केलं. शहादा तालुक्यात पपई भरपूर, आणि तिच्या दरावरून शेतकऱ्यांचं आणि व्यापाऱ्यांचं दरवर्षी वाजतंच. आप्पांना वाटलं, आपला हिशोब आपल्याकडे पक्का असावा: गाडी, वजन, दर, येणं, पावती. भय्या म्हणाला, ‘पाच मिनिटांचं काम आहे.’ हे दिवाळीत. होळीच्या सुमारास प्रोग्रॅम तयार झाला. पहिली गाडी भरली: १२,५०० किलो, दर १० रुपये. स्क्रीनवर रक्कम झळकली १,२५,०००. ओट्यावर वाहवा झाली. मग आप्पांनी पावती काढली. पावतीवर छापलं होतं: एकूण येणं, १ रुपया.

आप्पांनी चष्मा पुसला, पावती उलटी करून पाहिली. म्हणाले, ‘भय्या, एवढा भाव तर व्यापारीपण पाडत नाही रे!’

झालं होतं असं, की स्क्रीनवर शोभेसाठी टाकलेले स्वल्पविराम भय्याने पावतीसाठी तसेच परत वाचायला दिले होते. जावास्क्रिप्टचं पार्सफ्लोट आकडा वाचत जातं, स्वल्पविराम आला की थांबतं आणि तोवर जे हाती लागलं ते निमूट परत देतं. हाती लागला होता एक. चूक झाली अशी तक्रारही करत नाही. भय्याने चाचणी घेतली होती ती ५०० आणि ९०० रुपयांवर. तिथे स्वल्पविराम येतोच कुठे!

अब्रू सावरायला त्याने आप्पांना गोष्ट सांगितली, प्रोग्रॅममधल्या चुकीला ‘बग’, म्हणजे किडा, म्हणतात त्याची. १९४७ साली अमेरिकेत हार्वर्डला मार्क टू नावाचं यंत्र बिघडलं, तर आत रिलेमध्ये चक्क पतंग सापडला. तिथल्या लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून ठेवला, आजही जपून ठेवलाय. आप्पांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. पपईवरच्या पिठ्या ढेकणाशी त्यांचा जुना दावा आहे. ते म्हणाले, ‘एक सापडला ना? मग पानं उलटी करून पाहा. कीड कधी एकटी येत नाही.’ भय्या रात्री पानं उलटी करत बसला. आणखी तीन चुका निघाल्या. एकीत तर दर आणि वजन यांची अदलाबदल होत होती. गुणाकाराचं उत्तर तेच येतं म्हणून कुणाला पत्ता लागला नव्हता.

हल्ली भय्या वेगळाच दिसतो. पोट थोडं सुटलंय, आवाज खाली आलाय. काही सांगितलं की म्हणतो, ‘बघावं लागेल.’ आईला हे आळशीपणाचं लक्षण वाटतं. पूर्वी पोरगं कसं लगेच हो म्हणायचं! शुक्रवारी तो कशालाही हात लावत नाही, घरातल्या गळक्या नळालासुद्धा. आणि नवं काम आलं की वकिलासारखे उलटे प्रश्न विचारत सुटतो.

परवाच आप्पा म्हणाले, आता शेजाऱ्यांचाही माल आपल्या प्रोग्रॅममध्ये चढवू, आणि ज्याचा हिशोब त्याच्या मोबाईलवर गेला पाहिजे. ‘नंबर बदलला तर?’ भय्याने विचारलं. ‘एकाच घरात तिघांचा एकच नंबर असला तर?’ आप्पा वैतागत होते. ‘आणि गावात एकाच नावाचे, एकाच बापाच्या नावाचे दोन पाटील आहेत. त्यांचं काय?’

‘त्यात काय, गाव ओळखतं की,’ आप्पा म्हणाले. ‘एक विहिरीवाला.’

भय्याने लगेच एक नवा रकाना केला: गावातली ओळख. विहिरीवाला टाइप केलं. मग दुसऱ्या पाटलाला गावात काय म्हणतात ते आप्पांनी सांगितलं. ओसरीवर आजी हसून हसून खोकायला लागली. भय्याची बोटं कीबोर्डवर थबकली.

‘आप्पा, हे पावतीवर कसं छापू?’

‘छाप तू,’ आप्पा म्हणाले. ‘त्याला माहीत आहे.’