विनोदातून मुक्ती : इच्छुकांसाठी मार्गदर्शिका

स्टँडअप कॉमेडीत नाव काढू इच्छिणाऱ्या उमेदवाराने एक गैरसमज आधीच मनातून काढून टाकावा. या धंद्यात विनोद लागतो, पण सुरुवातीलाच. पोलीस भरतीत सोळाशे मीटर धावून दाखवावं लागतं. एकदा वर्दी अंगावर चढली की पुढे कोण धावतंय! तेव्हा विनोद जमत नाही म्हणून कुणी खचू नये आणि जमतो म्हणून हुरळूनही जाऊ नये. विनोदापासून लवकरात लवकर सुटका करून घ्यायची आणि तरीही विनोदवीर म्हणवून घ्यायचं, हीच या करिअरची दिशा आहे.

श्रीगणेशा ओपन माइकवर होतो. पुण्यात हा सोहळा बहुधा एखाद्या कॅफेच्या पहिल्या मजल्यावर, मंगळवारी किंवा बुधवारी रात्री असतो, कारण शनिवारी त्याच टेबलांवर पैसे देणारी माणसं बसतात. नाव नोंदवायचं आणि दोन मित्र घेऊन जायचं. मित्रांनी निदान एकेक कोल्ड कॉफी तरी मागवावी, अशी मालकाची अपेक्षा असते. मागच्या भिंतीला विटांचं चित्र असलेला वॉलपेपर चिकटवलेला असतो. १९६३ मध्ये न्यूयॉर्कला बड फ्रीडमनने 'इम्प्रॉव्ह' काढलं तेव्हा भिंत झाकायला पैसे नव्हते म्हणून विटा उघड्याच राहिल्या, असं सांगतात. आपल्याकडे चांगल्या गिलावा केलेल्या भिंतीवर पैसे खर्चून विटा आणतात.

समोर पंधराएक माणसं असतात. त्यातले अकरा जण स्वतःच विनोदवीर, नंबर यायची वाट बघत मोबाइलच्या नोट्समध्ये डोकं खुपसून बसलेले. हे लोक हसत नाहीत. फार तर उतरल्यावर जवळ येऊन 'प्रिमाइस चांगला आहे, भावा' म्हणतात, आणि ते ऐकल्यावर उमेदवाराने तो विनोद वहीतून खोडून टाकावा. उरलेल्या चौघांत दोन तुमचे मित्र आणि एक चुकून आलेलं जोडपं. सेटअप सावकाश बांधत आणायचा, अर्धा क्षण थांबायचं आणि पंच टाकायचा, असं तुम्ही घरी आरशासमोर बसवलेलं असतं. तो अर्धा क्षण येतो आणि काउंटरवरचं कॉफी मशीन जोरात फुसफुसतं. जोडपं हसतं. हा हशा आपलाच समजून पुढे जावं. चौथ्या मिनिटाला मागून कुणीतरी मोबाइलचा टॉर्च हलवतो, म्हणजे एकच मिनिट उरलं. नवखा माणूस टॉर्च दिसताच वेग वाढवतो आणि उरलेले तीन विनोद एका श्वासात उरकतो. मुरलेला माणूस 'तुम्ही फार छान ऑडियन्स होतात' म्हणून खाली उतरतो.

विषयांचं म्हणाल तर पुणेरी पाट्या, दुपारी एक ते चार, इंजिनिअरिंग आणि आईचा फोन हे चार विषय आधीच्या पिढीने खरवडून साफ केले आहेत. त्यांच्यावर विनोद करायला अजून कायद्याने बंदी नाही, ही शासनाची ढिलाई. लातूर-बीडकडून आलेल्या उमेदवाराने जास्त सावध राहावं. त्याने तोंड उघडून नुसतं 'काय करायलाव' म्हटलं की कोथरूड हसतं. विनोद अजून यायचा असतो. लोक आपल्या विनोदाला हसतायत की आपल्या बोलीला, हे ज्याला पहिल्या वर्षातच कळतं त्याला फार त्रास होतो. ज्याला कळत नाही त्याला टीव्हीवर काम मिळतं.

घरची आघाडीही सांभाळावी लागते. आई म्हणेल, "अरे, पण हे झालं की नोकरीचं बघशील ना?" तिला हो म्हणावं. काका मात्र ऐकायचे नाहीत. "आमच्या वेळी पुलं होते," असं ते सुरू करतात. इथे वाद घालू नये, उलट काकांच्याही मागे जावं. पुलंनी 'बटाट्याची चाळ' एकट्याने उभी केली, लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये बावन्न पात्रं एकटे करायचे, हे काकांना माहीत असतं. त्यांना दादा कोंडके सांगावेत. वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'मध्ये ते चालू घडामोडींवर ऐनवेळी टोले हाणायचे. तरीही काका बधले नाहीत तर गाडगेबाबा काढावेत. बाबा कीर्तनात समोरच्या माणसांनाच प्रश्न विचारायचे, त्यांच्याच तोंडून उत्तरं वदवून घ्यायचे आणि त्याच उत्तरांत त्यांना पकडायचे. हल्ली याला क्राउड वर्क म्हणतात आणि त्याचं तिकीट ४९९ रुपये असतं. बाबा तर कीर्तनाआधी हातात खराटा घेऊन गाव झाडायचे. तो भाग काकांना सांगू नये, ते आपल्यालाही झाडायला लावतील.

पण या थोर मंडळींचा आणि आपला एक फरक कुणी समजावून सांगत नाही. 'वऱ्हाड' वर्षानुवर्षं चाललं आणि लोक तेच वाक्य पुन्हा ऐकायला तिकीट काढून आले. स्टँडअपमध्ये हे होत नाही. इथला विनोद आश्चर्यावर जगतो आणि एकदा यूट्यूबवर चढला की मेला. पाच मिनिटांचा चोख सेट व्हायला वर्ष जातं. शंभर ठिकाणी तो पडतो, शब्द बदलतो, एक 'पण' काढला की अचानक हशा येतो. वर्षभर घासून चकचकीत झालेली ती पाच मिनिटं अपलोड करावी, तर पुढच्या आठवड्यात पहिल्या रांगेतला पोरगा तुमच्या आधीच पंच म्हणून मोकळा होतो. अपलोड करू नये, तर तिकीट काढायला कुणी येत नाही. या पेचात अनेक गुणी माणसं बुडाली आहेत.

पेचातून सुटायचं साधन म्हणजे पहिली रांग. तिथे बसलेल्याला विचारावं, "काय करता?" तो 'आयटी' म्हणेल. शेजारची कोण, हे विचारावं. तो क्षणभर गप्प बसेल आणि त्या गप्प बसण्यावर सभागृह हसेल. याची रील काढावी. लिहिलेला एकही विनोद खर्ची पडला नाही, शिवाय पुढच्या शहरात पहिल्या रांगेत दुसरं जोडपं तयार असतं. हुशार उमेदवार दोनेक वर्षांत असा तरबेज होतो की वही उघडायची गरजच उरत नाही. पहिल्या रांगेची तिकिटं हल्ली उशिरा खपतात, याचं त्याने मनाला लावून घेऊ नये.

कॉर्पोरेट शो मिळाला तर घ्यावा, दर विचारू नये. एचआरची बाई आधी फोनवर सांगते की राजकारण, धर्म, जात, पगार, नोकरकपात आणि व्हीपी सरांचे केस एवढे विषय वगळून काहीही चालेल. बायकोवर बोलावं. बायको नसल्यास करावी. गणपतीतल्या सोसायटी शोला यातलं काहीच चालत नाही, कारण समोर आजी बसलेल्या असतात आणि मध्येच लकी ड्रॉ असतो. परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांचं निमंत्रण मात्र सोडू नये. तिथला प्रेक्षक ज्या साली विमानात बसला त्याच सालचं पुणं अजून मनात धरून असतो. इथे पेन्शनीत निघालेले पाट्यांचे विनोद तिथे पुन्हा कामावर रुजू करून घेता येतात.

इथवर आलेल्याने पॉडकास्ट सुरू करावा. यामागे शुद्ध अंकगणित आहे. यूट्यूबच्या जाहिरातींचे पैसे मिळायला एक हजार सबस्क्रायबर आणि बारा महिन्यांत चार हजार तास पाहिलं जाणं, अशी अट आहे. चार मिनिटांच्या विनोदावर चार हजार तास जमवायचे तर तो साठ हजार वेळा शेवटपर्यंत बघितला गेला पाहिजे. दोन तासांच्या गप्पा दोन हजार जणांनी स्वयंपाक करता करता नुसत्या चालू ठेवल्या तरी हिशेब पुरा होतो. विनोद लिहायला वर्ष लागत होतं, गप्पांना दोन तासच लागतात, आणि त्यातही निम्मा वेळ पाहुणा बोलतो.

साहित्य थोडकं लागतं. शुअरचा एसएम ५८ माइक स्टेजवर आयुष्यभर पुरला असता, पण इथे त्याच कंपनीचा जाडजूड काळा एसएम ७ बी हवा. आवाजासाठी नव्हे, तो फ्रेममध्ये दिसावा लागतो. प्लास्टिकची मोन्स्टेरा, पिवळा दिवा, आणि विटांचा वॉलपेपर तर ओळखीचाच. पाहुणे क्रमाने बोलवावेत. आधी मित्र, मग मित्रांचे प्रसिद्ध मित्र, मग आतड्यांचे डॉक्टर. आतड्यांना व्ह्यूज फार आहेत. पाहुणा बोलत असताना दर चाळीस सेकंदांनी 'वॉव' म्हणावं आणि चष्मा असल्यास काढून हातात धरावा. मधूनच पूर्वीची सवय उसळी मारते आणि पाहुण्याच्या वाक्यावर फर्मास पंच सुचतो. तो गिळावा. पंच टाकल्यावर पाहुणा हसतो, हसला की सैल होतो, सैल झाला की खरं बोलतो, आणि मग त्याच्या पीआरवाल्यांचा रात्री अकराला फोन येतो की बाविसावं मिनिट काढा.

शेवटचं प्रकरण माफीचं. २०२५ साल या अभ्यासक्रमाला फार उपयुक्त ठरलं. फेब्रुवारीत 'इंडियाज गॉट लेटंट' या यूट्यूब शोमधल्या एका प्रश्नावरून पॉडकास्टवाल्या रणवीर अलाहाबादियाने व्हिडिओ काढून माफी मागितली, तरी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मार्चमध्ये, सभ्यता पाळण्याच्या अटीवर, पॉडकास्ट पुन्हा सुरू करायची मुभा त्याला तिथूनच मिळाली. त्याच महिन्यात विनोदवीर कुणाल कामराच्या विडंबन गाण्यावरून खारच्या हॅबिटॅट या कॉमेडी क्लबमध्ये शिवसैनिकांनी तोडफोड केली आणि दुसऱ्या दिवशी महापालिकेचे हातोडेही तिथे पोचले. कामराने माफी मागायला नकार दिला. फुटलेल्या खुर्च्या मात्र ज्यांनी विनोद केला नव्हता त्यांच्या होत्या. ऑगस्टमध्ये अपंग व्यक्तींची थट्टा केल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने समय रैना आणि आणखी काही विनोदवीरांना आपापल्या चॅनेलवर माफी मागायला सांगितलं. यातली कुठली माफी योग्य आणि कुठली नाही, यावर या मार्गदर्शिकेचं मत आहे, पण मार्गदर्शिकेलाही घर आहे आणि घराला काचा आहेत.

तांत्रिक बाबी मात्र सांगता येतील. माफी साध्या भिंतीसमोर मागावी. इथे विटा नकोत. कुर्ता फिका असावा, इस्त्री बेताचीच. माइक फ्रेमबाहेर ठेवावा. 'जर कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर' यातला 'जर' वकिलाला विचारल्याशिवाय काढू नये आणि ठेवूही नये. मुख्य म्हणजे अपलोड करण्याआधी त्या व्हिडिओच्या जाहिराती बंद कराव्यात. माफीच्या आधी गुटख्याच्या कंपनीची वेलची लागली, तर त्याबद्दल दुसरी माफी मागावी लागते, आणि दुसऱ्या माफीला पहिलीच्या निम्मेही व्ह्यूज येत नाहीत.